दोन कपांची साक्ष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं हेमांगी शिंत्रे यांचे वडील सांगलीत उठताबसता म्हणत, आणि बांधावरच्या एका आंब्याच्या झाडापायी सख्ख्या चुलतभावाशी त्यांनी अर्धं आयुष्य त्याच पायरीवर काढलं. त्यामुळे ओहायोतल्या हॅलोवे काउंटीच्या कोर्टाचं ज्यूरीसाठी बोलावणं आलं तेव्हा हेमांगीताईंनी खरं तर धसका घ्यायला हवा होता. त्या हरखल्या. अडुसष्टाव्या वर्षी कुणालातरी आपली गरज आहे, ही बातमीच मोठी होती.

"आई, टाळ ना," सिअॅटलहून सानिका फोनवर म्हणाली. रविवारचा फोन होता, आठवड्यातला एकुलता एक. "डॉक्टरांचं पत्र दिलंस की सुटशील."

"मला सुटायचंच नाहीये. सुटून करू काय? भिंती मोजू?"

असं काही ऐकलं की ती गप्प होई, आणि मग हेमांगीताईंनाच तिची समजूत घालावी लागे. "अगं, गंमत केली. गुडघे बरे आहेत माझे, येईन जाऊन."

यजमान उदयराव जाऊन चार वर्षं झाली होती. हेमांगीताईंची हॉस्पिटलच्या औषधविभागातली नोकरी त्याच वर्षी संपली. गावात मराठी म्हणावं असं एकच कुटुंब होतं, तेही टेक्सासला गेलं. आता दिवसभरात बोलायचं ते दुकानातल्या मुलीशी, "पिशवी नको." आणि संध्याकाळी उदयरावांशी. म्हणजे असं, की चहाला त्या दोन कप मांडत, समोरची खुर्ची थोडी ओढून ठेवत आणि दिवसभराचं सगळं सांगत. "अहो, ऐकलंत का," अशी सुरुवात व्हायची. वेड लागलं नव्हतं त्यांना. समोर कुणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण एका कपाचा चहा त्यांना करताच येत नव्हता, प्रमाणच चुकायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, सानिकाला तर मुळीच नाही. सांगितलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी डॉक्टर शोधला असता.

आता हे ज्यूरीचं प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं, कारण आपल्याकडे ज्यूरी कधीच मोडीत निघाली. अमेरिकेत दोन प्रकारची कोर्टं शेजारी शेजारी चालतात. देशाच्या कायद्याची केंद्राची, आणि राज्याच्या कायद्याची राज्याची. चोऱ्यामाऱ्या, खून, घटस्फोट असला रोजचा संसार राज्याच्या कोर्टात चालतो. तिथे न्यायाधीश कायदा सांगतो, पण घडलं काय ते ठरवायचा अधिकार बारा सामान्य नागरिकांचा. मतदारांच्या आणि वाहनपरवान्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निघतात. बाराही जणांचं एकमत झालं तरच माणूस दोषी. निदान पुस्तकात असं आहे. प्रत्यक्षात शंभरातले नव्वदाहून अधिक आरोपी ज्यूरीचं तोंडही पाहत नाहीत. सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, दोन वर्षांत सुटशील. नाही केलास आणि हरलास तर दहा. माणूस घाबरून कबूल करतो.

'छाया-ज्यूरी' आली ती या घाबरण्याला अचूक करायला. प्रत्येक घरात आता भिंतीवर ते यंत्र असतंच. दिवे लावतं, औषधाची आठवण करतं, पडलात तर रुग्णवाहिका बोलावतं. माणूस काय खातो, कुणाशी किती बोलतो, कशावर चिडतो, कशावर विरघळतो, ते सगळं त्याला कळतं. त्यावरून त्या माणसाची एक छाया बनवता येते, त्याच्यासारखा विचार करणारी संगणकातली प्रतिकृती. संमती दिलेल्या बारा नागरिकांच्या छायांपुढे पुरावा मांडायचा, काही मिनिटांत त्यांची मतं येतात. कायद्याने त्या मताला किंमत शून्य. पण बाराच्या बारा छायांनी दोषी म्हटलं की आरोपीचा वकीलच म्हणतो, बाबा रे, कबुलीवर सही कर. तरीही कुणी हट्टाने खराखुरा खटला मागितलाच तर घटनेने दिलेला तो हक्क आहे, आणि मग त्याच बारा छायांची हाडामांसाची माणसं बोलावली जातात.

डार्ला प्रूइटने खटला मागितला होता. बारातल्या अकरा छायांनी तिला दोषी ठरवलं होतं आणि एकीने नाही. त्या एकीवर तिने दहा वर्षं पणाला लावली होती.

"ती एक छाया कुणाची हे मोहोरबंद आहे आणि तसंच राहील," न्यायाधीश ऑर्टेगा पहिल्या दिवशी बारा जणांना म्हणाल्या. शिस्तीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. "तो आकडा विसरून जा. आरोपी निर्दोष आहे असं धरून सुरुवात करायची. गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकारचं आहे, तिचं नाही. आणि रास्त शंका उरली तर तुम्ही तिला दोषी म्हणू शकत नाही." मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर या खटल्याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही. नवऱ्याशी नाही, बायकोशी नाही, कुणाशीही नाही."

विसरा म्हटल्यावर जे होतं तेच झालं. बाराही जण त्या आकड्याचाच विचार करत घरी गेले.

हेमांगीताईंनी संध्याकाळी आधण ठेवलं, दोन कप काढले, खुर्ची ओढली. "अहो, ऐकलंत का," त्या म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. कुणाशीही नाही, असं बाईंनी बजावलं होतं. नवऱ्याशी नाही, हे तर पहिल्यांदा. दिवंगत नवऱ्याचं काय, हे विचारायची सोय नव्हती. पण शपथ ती शपथ. त्यांनी दुसरा कप परत कपाटात ठेवला, आणि चहा दुप्पट झाला म्हणून अर्धा मोरीत ओतला. त्या घरात चार वर्षांत पहिल्यांदा चहाच्या वेळी कुणी काही बोललं नाही.

खटला तसा साधा होता. व्हर्नन ओट्स नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, एकटे, विधुर, विसरभोळेपणाचा आजार झालेले. डार्ला त्यांच्याकडे दिवसा यायची, चार वाजता, दार उघडलं तर वाजणारा अलार्म लावून निघायची. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी म्हातारा बर्फात बाहेर पडला आणि तळ्याकाठी गारठून मेला. अंगात स्वतःचा कोट, हातावर आणखी एक बायकांचा कोट. अलार्म घरातून, हाताने आकडा दाबून बंद केलेला. डार्लाचं म्हणणं, मी चारला निघाले, घरी जाऊन झोपले. साक्षीला कुणी नाही. तीही एकटीच राहायची.

सरकारचं म्हणणं वेगळं होतं. डार्ला सहा वाजेपर्यंत तिथेच होती, निघताना तिनेच अलार्म बंद केला आणि दार तसंच टाकून गेली. आणि हे कशावरून, तर भिंतीवरच्या यंत्रावरून.

"यंत्र बोलणं साठवून ठेवतं का?" सरकारी वकिलांनी तज्ज्ञाला विचारलं.

"नाही. खासगीपणाचा कायदा आहे," तज्ज्ञ म्हणाला. तरुण होता, टाय त्याला काचत होता. "यंत्र ऐकतं, अर्थ लावतं आणि ऐकलेलं पुसून टाकतं. उरतो तो फक्त निष्कर्ष. त्या दिवशी सहाच्या सुमाराचा निष्कर्ष असा: चहा दोघांचा, दोन कप, दोन खुर्च्या, संभाषण वीसेक मिनिटं."

"टीव्ही असेल. फोन असेल," डार्लाचा वकील म्हणाला. ज्यांना परवडत नाही त्यांना सरकारच वकील देतं, तसा तो मिळालेला होता. हातात एका वेळी ऐंशी खटले, डोळ्यांखाली काळं.

"ते यंत्राला वेगळं ओळखता येतं. संभाषण ओळखायची खूण म्हणजे थांबे. माणूस बोलतो, उत्तरापुरता थांबतो, पुन्हा बोलतो. एकटा बडबडणारा असा थांबत नाही."

ज्यूरीच्या दुसऱ्या रांगेत हेमांगीताई सावरून बसल्या. आपण थांबतो. "सानिकाचा फोन आला होता," असं म्हणून आपण थांबतो, आणि मग म्हणतो, "हो, तेच म्हटलं मी तिला." त्यांनी डार्लाच्या वकिलाकडे पाहिलं. हा आता विचारेल, म्हणून वाट पाहिली. वकील घड्याळ बघून खाली बसला. ज्यूरीने साक्षीदाराला प्रश्न विचारायची त्या कोर्टात पद्धत नव्हती.

इतकं कळूनही हेमांगीताईंनी काय केलं ते सांगायला जरा जड जातं. त्यांनी ते मनातल्या मनात दाबून टाकलं. कारण त्या आठवड्यात त्यांना काहीतरी मिळालं होतं. दुपारी बारा जण एका टेबलाशी जेवत. केशकर्तनालय चालवणारी योलांडा घरून मक्याचा पाव आणायची आणि पहिला तुकडा "हेमा"ला द्यायची. स्कूलबसवर जन्म काढलेला ग्लेन, ज्याला सगळ्यांनी पंचांचा प्रमुख नेमलं होतं, तो त्यांची खुर्ची राखून ठेवायचा. हेमांगीताईंनी पोहे करून नेले तर ताट पुसून खाल्ले सगळ्यांनी. इतक्या वर्षांत कुणी त्यांना दुसऱ्यांदा वाढा म्हटलं नव्हतं. अशा माणसांना आपण काय सांगणार, की मी संध्याकाळी मेलेल्या नवऱ्याला चहा देते? पोह्यांची चव लगेच बदलली असती.

पुरावा संपला. बारा जण विचाराच्या खोलीत गेले, बेलिफने बाहेरून दार लावलं. ग्लेनने कागदाचे चिटोरे वाटले. हेमांगीताईंच्या पेनाने क्षणभर कागदावर नुसता ठिपका काढला. मग त्यांनी लिहिलं, दोषी.

बाराच्या बारा चिटोरे दोषीचे निघाले.

कुणी टाळी वाजवली नाही. "मग ती एक छाया कुणाची होती?" योलांडाने विचारलं.

"असेल कुणाचीतरी. माणसाचं मत बदलतं," ग्लेन म्हणाला. "एकमत झालंय. बेल दाबू?"

माझी होती, हेमांगीताईंच्या मनात आलं, आणि त्यांचे कान तापले. त्यांच्या घरातल्या यंत्रानेच ती छाया घडवली होती. त्या यंत्रात रोज संध्याकाळची नोंद होती, चहा दोघांचा, संभाषण. आणि ते घर एकट्या बाईचं होतं. छायेला हे माहीत होतं. तिला कुणाचा मक्याचा पाव खायचा नव्हता, कुणी खुर्ची राखून ठेवावी अशी तिला हौस नव्हती. म्हणून ती खरं बोलली. संगणकातली हेमांगी खरं बोलली आणि हाडामांसाची घाबरली. असली शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती.

तरी माणसाचं मन पळवाट शोधतंच. "ग्लेन," त्या म्हणाल्या, "आपलं चुकलं तर वरचं कोर्ट आहे ना? तिथे सगळं परत तपासतील." सांगलीकडच्या माणसाला ही खात्री असतेच. वडील प्रत्येक हरलेल्या निकालावर म्हणायचे, हायकोर्ट बसलंय. आणि खरंच, तिथलं वरचं कोर्ट पुरावा नव्याने तोलायचं.

"तसं नाही चालत इथे," ग्लेन म्हणाला. बसमधल्या मुलांना समजावतात तशा आवाजात त्याने समजावलं. "वरच्या कोर्टात साक्षीदार येत नाहीत, ज्यूरी बसत नाही. न्यायाधीशाने कायद्यात चूक केली का, एवढंच ते मुख्यतः बघतात. घडलं काय, ते आपण म्हणू तेच. आपण म्हटलं ती सहा वाजता तिथे होती, की ती तिथे होती."

"कायमची?"

"जवळजवळ कायमची. म्हणून तर आपल्याला बोलावलं."

त्याचा हात बेलकडे गेला.

"थांबा," हेमांगीताई म्हणाल्या. "माझं मत मी परत घेते."

खोलीत एक लांब उसासा फिरला. टायलर नावाच्या तरुणाने डोकं टेबलावर टेकलं. "का?" योलांडाने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच थंड होता, आणि तो हेमांगीताईंना लागला.

"ते दोन कप डार्लाचे नव्हते. दुसरा कप ओट्सच्या बायकोचा होता."

"ती बाई सहा वर्षांपूर्वी गेली," टायलर म्हणाला.

"हो. माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले." हेमांगीताईंनी हात टेबलाखाली घेतले. "मी रोज त्यांच्यासाठी कप मांडते. खुर्ची ओढते. त्यांच्याशी बोलते. दिवसभराचं सगळं सांगते."

टायलरने विचारलं, आणि खरंच कुतूहलाने विचारलं, "पण तज्ज्ञ म्हणाला, उत्तरासाठी थांबणं... ते उत्तर देतात का?"

"नाही देत, बाळा."

"मग थांबता कशाला?"

"आपण काही विचारलं की थांबायला नको का? न थांबता बोलत सुटले तर ते समोर नाहीत असं होईल." आता थांबून भागणार नव्हतं. "न्यायाधीशबाईंनी सांगितलं ना, घरी नवऱ्याशी बोलायचं नाही? मी ते पाळलंय. हा सगळा आठवडा मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. एकच कप काढते. फार जड जातं हो. घर खायला उठतं."

योलांडाने तोंडावर हात ठेवला.

"हे पुराव्यात नाही," ग्लेन हळू म्हणाला. तो कठोर नव्हता, पण नियमाचा होता. "तुमच्या घरचं आपल्याला धरता येईल का?" त्याने कागदावर प्रश्न लिहून बेलिफच्या हाती न्यायाधीशांकडे पाठवला. पद्धतच आहे तशी. थोड्या वेळाने उत्तर आलं. बाहेरून नवा पुरावा आणायचा नाही. मात्र समोर आलेला पुरावा आयुष्याच्या अनुभवाने आणि अक्कलहुशारीने तोलणं, हेच ज्यूरीचं काम आहे.

"मग समोर आलेलंच बघा," हेमांगीताई म्हणाल्या. "ओट्स सापडले तेव्हा त्यांच्या अंगात स्वतःचा कोट होता आणि हातावर बायकांचा कोट होता. सरकारी वकील म्हणाल्या, डोकं ठिकाणावर नव्हतं, मिळेल ते उचललं. पण स्वतःचा कोट त्यांनी नीट घातला होता. बटणं लावली होती, बूट चढवले होते. त्यांच्या पुतणीने साक्षीत काय सांगितलं? चहा झाला की नवराबायको तळ्यापर्यंत फिरायला जायचे. आणि अलार्मचा आकडा त्यांच्या लग्नाची तारीख होती. पुतणीचं नाव विसरलेला माणूस ती तारीख विसरला असेल असं आपण धरून चाललोय." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "बाहेर बर्फ पडत होतं. तिला थंडी वाजेल म्हणून त्यांनी कोट घेतला."

ग्लेनने टोपी काढली, केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "माझी मॉरीन गेल्यापासून," तो खाली बघत म्हणाला, "गाडीत मी डाव्या-उजव्या वळणाला तिला विचारतो. रस्ता मला पाठ आहे." एवढंच बोलून त्याने नवे चिटोरे फाडायला घेतले.

या वेळी बाराही चिटोऱ्यांवर निर्दोष होतं. टायलरने आपल्या शब्दाखाली दोनदा रेघ मारली होती.

कोर्टात कारकुनाने प्रत्येकाला नाव घेऊन विचारलं, "हा तुमचा निर्णय आहे?" बारा वेळा हो आलं. डार्ला प्रूइट टेबलावर कपाळ टेकून हमसून रडली, आणि दमलेल्या वकिलाने तिच्या पाठीवर हात ठेवला. सरकारला आता पुढे काही करता येणार नव्हतं. ज्यूरीने निर्दोष म्हटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नाही, त्याविरुद्ध अपीलही नाही.

"ज्यूरीचे आभार," न्यायाधीश ऑर्टेगा म्हणाल्या. "तुम्ही आता मोकळे आहात. या खटल्याबद्दल हवं त्याच्याशी बोला."

वाहनतळावर योलांडाने हेमांगीताईंना घट्ट मिठी मारली. "भेटू हं," ती म्हणाली, आणि तिचा फोन वाजला म्हणून हात हलवत गाडीत बसली. नंबर घ्यायचा राहूनच गेला. ग्लेनने लांबूनच टोपी उचलली. टायलर तर केव्हाच गेला होता. माणसं वाईट नव्हती, प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट बघत होतं, किंवा तसं वाटण्याची सवय होती. बारा गाड्या एकामागून एक फाटकाबाहेर पडल्या आणि बारा दिशांना गेल्या.

घरी आल्यावर हेमांगीताईंनी स्वेटरही काढला नाही. आधण ठेवलं, आलं किसलं, कपाटातून दोन कप काढले. समोरची खुर्ची ओढली, नेहमीपेक्षा जरा जास्तच, एखाद्याला ऐसपैस बसता यावं अशी. या वेळी चहाचं प्रमाण बरोबर जमलं. आपल्यासारखेच आणखी कुणी कुणी या वेळी खुर्च्या ओढत असतील, हे आता त्यांना ठाऊक होतं. त्याने एकटेपणा काही कमी झाला नव्हता.

"अहो, ऐकलंत का," त्या म्हणाल्या. "बाईंनी परवानगी दिली. आता सगळं सांगते तुम्हाला. पण आधी सांगा, रागावला नाहीत ना? आठवडाभर बोलले नाही म्हणून?"

आणि त्या थांबल्या.

भिंतीवरच्या यंत्राने वाफाळणारे दोन कप पाहिले, तो थांबा ऐकला, आणि नोंद केली: चहा दोघांचा, संभाषण सुरू.